टाईप तपासला तरी दुधाचं बिल शून्य येतंय: पायथन, सीएसव्ही फाईल

दूधवही

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय घोळ कळणार नाही म्हणून लिहितेच.

आमच्या वाडीतल्या दूध संकलन केंद्राचं दप्तर दोन वर्षांपासून माझ्याकडे आहे. त्याआधी सासरे बघायचे. ६४ खाती, सकाळ-संध्याकाळ दोन पाळ्या, दर दहा दिवसांनी बिल. १, ११ आणि २१ तारखेला माणसं दारात येतात. आजवर सगळं कॅल्क्युलेटरवर चालायचं. एका बिलाला दोन रात्री जायच्या, आणि तरी कुणाचं ना कुणाचं चुकायचंच. म्हणून उन्हाळ्यात व्हिडिओ बघून पायथन शिकले आणि बिलाचा प्रोग्राम स्वतः लिहायला घेतला. व्हेरिएबलची नावं मराठीतच ठेवली आहेत: खाते, लिटर, फॅट, दर. पायथन ३ ला ती चालतात आणि मला वाचायला सोपं जातं. बाकीच्या आज्ञा मशीनवर अर्थातच रोमनमध्ये आहेत, इथे मोबाईलवरून लिहितेय म्हणून त्याही आणि आकडेही देवनागरीत देते.

फाईल सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली. एका ओळीत एक पाळी: दिनांक, पाळी, खाते, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक). वाचायला पायथनचंच सीएसव्ही मॉड्यूल, त्यातला डिक्टरीडर.

आता अडतंय कुठे ते सांगते. खाते १७ चं एका दिवसाचं दूध सकाळी ४.५, संध्याकाळी ३.८. दोन्हींमध्ये अधिक चिन्ह घातलं तर पडद्यावर आलं

४.५३.८

दोन टिंबं असलेला आकडा मी जन्मात पाहिला नव्हता. मग त्या दिवशी सगळ्यात जास्त दूध कुणाचं हे बघावं म्हणून मॅक्स लावलं. खाते ४१ चं १४.५ लिटर आहे. वहीत आहे, फाईलमध्येही आहे. तरी उत्तर येतंय ३.२. तीन पूर्णांक दोन! तेवढं दूध तर एका म्हशीचं एका वेळचंसुद्धा असतं.

वाटलं, काही ओळींत गडबड असणार, तेव्हा आधी टाईप तपासू. म्हणून अट टाकली:

इफ टाईप(लिटर) == फ्लोट:

लिटर फ्लोट, म्हणजे दशांश आकडा, असेल तर ओळ धरायची, नसेल तर सोडायची. एरर एकही नाही. प्रोग्राम शांतपणे शेवटपर्यंत चालला आणि ६४ जणांचं बिल शून्य रुपये. प्रिंट(लिटर) केलं की ४.५ दिसतं. टिंब आहे, टिंबापुढे आकडा आहे, मग तो फ्लोटच झाला ना? टाईप तपासायची ही रीत चुकली की फाईल चुकली? आज १७ तारीख आहे, २१ ला बिल द्यायचंय.

---

अर्धविराम

फाईल चुकलेली नाही. सीएसव्ही मॉड्यूल वाचतं ते सगळं स्ट्रिंग, म्हणजे नुसता मजकूर, म्हणूनच देतं. ४.५ असो, तारीख असो की नाव, त्याला सगळं सारखंच. टाईप(लिटर) नुसतं छापून बघा, क्लास एसटीआर असं दिसेल. त्यामुळे तुमची अट कधीच खरी ठरणार नाही. इनपुट() ही तसंच वागतं, पायथन ३ मध्ये ते कायम स्ट्रिंगच देतं.

दोन स्ट्रिंगांमध्ये अधिक टाकलं की बेरीज होत नाही, एकापुढे एक चिकटतात. आणि मॅक्स स्ट्रिंगांची तुलना डावीकडून एकेक अक्षर घेऊन करतं, म्हणून ९.५ हे १४.५ पेक्षा मोठं ठरतं, कारण नऊ एकापेक्षा मोठा.

उपाय सोपा आहे. रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकूर ठरलेल्या साच्यात बसतो का हे बघायची सोय) लावून बघा की मजकुरात शून्य ते नऊ आणि टिंब एवढंच आहे. असेल तर फ्लोट(लिटर) करून घ्या, नसेल तर ती ओळ सोडून द्या. आणि पुढे कधी टाईप तपासायची वेळ आली तर टाईप(...) == पेक्षा आयझइन्स्टन्स (हे अमुक प्रकारचं आहे का, असं विचारणारी आज्ञा) वापरा. झालं काम.

---

दूधवही

अर्धविराम दादा, मनापासून आभार. तुम्ही सांगितलं तसं केलं आणि बिल आलं! खाते १७ चं ८.३ बरोबर आलं. मॅक्सही १४.५ देतंय.

पण मी हे बिल कॅल्क्युलेटरच्या बिलाशी ताडून बघायला बसले. ६४ पैकी ५५ खाती पैशाला पैसा जुळली. नऊ जुळत नाहीत, आणि नऊच्या नऊ कमी आहेत, जास्त एकही नाही. त्यातलं एक खाते ५८. त्या आजी एकट्या राहतात, दोन म्हशी आहेत. त्यांची एक संध्याकाळची पाळी बिलात आलीच नाही. ती पाळी ३.२ लिटरची. म्हणजे मॅक्सने आधी जे दाखवलं होतं तेच हे ३.२.

आजींना लिहिता-वाचता येत नाही. मी आकडा सांगते, त्या नोटा मोजून पदराच्या गाठीत बांधतात. मी ताडून पाहिलं नसतं तर त्यांना कळलंही नसतं. फाईल उघडून बघितली, तिथे ३.२ स्वच्छ दिसतंय. टिंब आहे, दोन्ही आकडे आहेत, मागे-पुढे रिकामी जागाही नाही. मग गळली कशी?

---

तपासनीस

ताई, आधी त्या एका ओळीला हात घालूया, बाकीचं नंतर.

अर्धविराम यांनी मॅक्सचं कारण बरोबर सांगितलं, पण त्या कारणाने उत्तर नऊने सुरू होणारं यायला हवं होतं. तुमच्याकडे नऊ लिटरवाली खाती असणारच. आलं तीनने सुरू होणारं. याचा अर्थ त्या तीनला पायथन नऊपेक्षाही मोठं समजतंय. दिसायला तो तीन आहे, पण बाकीच्या ओळींतल्या तीनसारखा तो नाही. हे करून बघा:

फॉर अक्षर इन लिटर:
    प्रिंट(अक्षर, ऑर्ड(अक्षर))

ऑर्ड त्या अक्षराचा युनिकोडमधला, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांच्या सामायिक यादीतला, क्रमांक सांगतं. इंग्रजी शून्य ते नऊ यांचे क्रमांक ४८ ते ५७. देवनागरी शून्य ते नऊ यांचे २४०६ ते २४१५. माझा अंदाज, आजींच्या ओळीत पहिल्या अक्षरापुढे ५१ येणार नाही, २४०९ येईल. त्या संध्याकाळची नोंद कुणीतरी मराठी कळपाटावरून केलेली असणार. फाईल बघण्याच्या प्रोग्राममध्ये फॉन्ट बारीक असेल आणि डोळ्याला दोन्ही लिप्यांची सवय असेल, तर वाचताना मन अडतच नाही. आपण तीन वाचतो आणि पुढे जातो. मी पुण्यात १९ वर्षं टेस्टिंगचं काम करतेय, आणि मराठी माणसांनी भरलेल्या फायलींत हे इतक्यांदा पाहिलंय की आकडा रुसला की मी आधी ऑर्ड लावते.

आता यातली गंमतीची नव्हे, कामाची गोष्ट. पायथनला देवनागरी आकडे कळतात. फ्लोट ला मराठी आकड्यांतली ३.२ ही स्ट्रिंग दिली की ते निमूटपणे खरा ३.२ देतं. इंट, म्हणजे पूर्णांक, त्याचंही तसंच. त्यामुळे आजींची ओळ फ्लोटने अडवलेली नाही, तिच्या आधीच्या रेग्युलर एक्स्प्रेशनने अडवली. चौकटी कंसात शून्य ते नऊ असं लिहिलं की त्यात फक्त इंग्रजी दहा आकडे येतात. तुम्ही पायथनला विचारलंच नाही की बाई, हा आकडा आहे का. आकडा कसा दिसतो हे तुम्ही स्वतः ठरवलंत आणि जो तसा दिसला नाही त्याला दारातून परत पाठवलं.

माझं म्हणणं एवढंच आहे की मजकुराच्या रूपावरून टाईप ठरवू नका. रूपांतर करायला लावा, झालं तर ठेवा, नाही झालं तर ओळ बाजूला काढून माणसाला दाखवा.

डेफ आकडा_करा(मजकूर):
    ट्राय:
        रिटर्न फ्लोट(मजकूर)
    एक्सेप्ट (टाईपएरर, व्हॅल्यूएरर):
        रिटर्न नन

एरर दोन लिहिल्यात त्याला कारण आहे. रकाना रिकामा असेल तर डिक्टरीडर रिकामी स्ट्रिंग देतं, आणि फ्लोटला रिकामी स्ट्रिंग दिली की व्हॅल्यूएरर येते. पण ओळच अर्धी तुटलेली असेल, स्वल्पविरामच कमी असतील, तर त्या जागी नन, म्हणजे काहीच नाही, येतं, आणि फ्लोटला नन दिलं की टाईपएरर. दोन्ही प्रकार तुमच्या फाईलमध्ये कधी ना कधी येणारच.

आणि उत्तर नन आलं की ती ओळ सोडायची नाही. अडलेल्या ओळी या नावाची एक यादी करा, तिच्यात ओळ क्रमांक, खाते आणि मूळ मजकूर टाका, आणि बिल छापायच्या आधी ती यादी पडद्यावर येऊ द्या. यादीत एकही ओळ असेल तोवर बिल छापू नका. तुमच्या पहिल्या प्रोग्राममध्ये आणि दुसऱ्यातही दोष टाईप तपासण्यात तितकासा नव्हता, “नसेल तर सोडून द्या” या चार शब्दांत होता. टाईप जुळला नाही म्हणून गुपचूप सोडलेली ओळ म्हणजे कुणाची तरी एक पाळी. एरर येऊन प्रोग्राम बंद पडला असता तर तुम्हाला लगेच कळलं असतं.

तो मजकूर यादीत छापताना साधं प्रिंट वापरू नका, रेप्र(मजकूर) छापा. प्रिंट अवतरणचिन्हं काढून टाकतं, म्हणून स्ट्रिंग असलेला ४.५ आणि फ्लोट असलेला ४.५ पडद्यावर अगदी एकसारखे दिसतात. तुम्ही पहिल्या दिवशी फसलात ते इथेच. रेप्र मध्ये स्ट्रिंगभोवती अवतरण दिसतं, मागची रिकामी जागाही दिसते. पायथन ३.८ पासून एफ-स्ट्रिंगमध्ये महिरपी कंसात व्हेरिएबलचं नाव लिहून पुढे बरोबरचं चिन्ह टाकलं की नाव आणि रेप्र दोन्ही एकदम मिळतात. मी दिवसभर तेच वापरते.

आता तुमचा मूळ प्रश्न, टाईप तपासायचा कसा. टाईप(लिटर) == फ्लोट हे फार काटेकोर आहे. लिटर पूर्णांक १२ असेल तर त्याचा टाईप इंट, मग तोही गळेल. आयझइन्स्टन्स ला दुसऱ्या जागी इंट आणि फ्लोट दोन्ही कंसात देता येतात, आणि एखादा प्रकार दुसऱ्यापासून निघालेला असेल तर ते नातंही त्याला कळतं. पण ते नातंच एका ठिकाणी अंगावर येतं. पायथनमध्ये बूल, म्हणजे ट्रू-फॉल्स (खरं-खोटं), हा इंटपासून निघालेला प्रकार आहे. ट्रू टाकून आयझइन्स्टन्सला विचारलं की हा इंट आहे का, तर उत्तर हो येतं, आणि दोन ट्रूंची बेरीज २ होते. हे २००३ च्या पायथन २.३ पासून असंच आहे, जुने प्रोग्राम मोडू नयेत म्हणून तसं ठेवलं. उद्या तुम्ही आला-नाही-आला असा रकाना ठेवलात आणि चुकून तो लिटरच्या जागी गेला, तर दर पाळीला एक लिटर धरलं जाईल आणि तपासणीला ते कळणारही नाही. नमपाय (आकडेमोडीसाठीची पायथनची लायब्ररी) वापरायला लागलात तर उलटी अडचण: तिथला इंट६४ हा पायथनच्या इंटपासून निघालेला नाही, त्यामुळे चांगला आकडा असूनही आयझइन्स्टन्स नाही म्हणेल. फ्लोट६४ ला मात्र हो म्हणेल. हे आज लागणार नाही, नुसतं लक्षात असू द्या.

टाईप जुळला म्हणजे आकडा खरा, असंही नाही. रोमन अक्षरांत नॅन (म्हणजे ‘आकडा नाही’) लिहिलेलं असलं तरी फ्लोट ते स्वीकारतं. म्हणून फ्लोट झाल्यावर लिटर शून्यापेक्षा जास्त आणि ६० पेक्षा कमी आहे का ही तपासणी लावाच. तुमच्या केंद्रावर एका वेळी एका खात्याचं जास्तीत जास्त किती दूध येतं ते तुम्हाला माहीत आहे, मला नाही. तो आकडा तुमचा घाला. नॅन कशापेक्षाही लहान किंवा मोठा आहे का असं विचारलं तरी उत्तर नाहीच येतं, त्यामुळे तोही याच चाळणीत अडकतो.

आणखी एक, कृपा करून खाते क्रमांक इंट करू नका. त्याला क्रमांक म्हणतात एवढंच, तो आकडा नाही. त्याची बेरीज कुणी करत नाही. माझ्या पहिल्या नोकरीत एका कारखान्याच्या पगारपत्रकात ०४१७ आणि ४१७ असे दोन कामगार होते. कुणीतरी तो रकाना पूर्णांक केला आणि दोघांची हजेरी एकाच नावावर चढली. दुसऱ्या माणसाच्या हातात दिवाळीच्या महिन्यात कोरी चिठ्ठी गेली. चूक मी पकडायला हवी होती, कारण तपासणी माझ्याकडे होती. मी बेरजा तपासल्या, त्या जुळत होत्या, आणि मी सही केली. ते मी आजही विसरलेले नाही.

एक्सेलमधून फाईल जात असेल तर आणखी जपा. खाते ५-१२ असं लिहिलं की एक्सेल त्याची परस्पर ५ डिसेंबर ही तारीख करून टाकतं, आणि सीएसव्ही म्हणून जतन केलं की मूळ मजकूर गेला तो गेलाच. हे मोठ्यांनाही सुटलेलं नाही. मार्च१ आणि सेप्ट१ अशा नावांच्या मानवी जनुकांच्या एक्सेलमध्ये तारखा होत होत्या, म्हणून जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने २०२० मध्ये ती नावंच बदलून मार्चएफ१ आणि सेप्टिन१ अशी केली. एक्सेलमध्ये तो स्तंभ आधी निवडून मजकूर म्हणून ठरवायचा, आणि मगच भरायचा.

ती नऊ खाती कोणत्या ओळींमुळे अडली ते बघून कळवा.

---

दूधवही

ताई, २४०९ च आला. बघितलं आणि अंगावर काटा आला.

त्या संध्याकाळी मला यायला उशीर झाला होता. पुतणीने मोबाईलवर नोंद सुरू केली, तिच्या मोबाईलला मराठी कळपाट आहे. मी पोचेपर्यंत तिने पहिल्या सात जणांचं दूध भरून ठेवलं होतं. आजी रांगेत नेहमीच लवकर उभ्या असतात, म्हणून त्यांची ओळ त्यात सापडली. त्या सातांत एक १२.५ सुद्धा आहे, पण मॅक्सने ३.२ च उचललं, कारण मराठी आकड्यांतही पहिलं अक्षर तीन हे पहिल्या अक्षर एकपेक्षा मोठं. आता सगळं उलगडलं. पोरीने काहीच चुकवलेलं नव्हतं. तिने आपल्या भाषेत आकडे लिहिले, आणि ते बरोबरच होते.

रेग्युलर एक्स्प्रेशन काढून टाकलं, आकडा_करा लावलं. दहा दिवसांच्या १,१९७ ओळींपैकी अडलेल्या यादीत फक्त तीन राहिल्या.

एक खाते २२, सकाळ, रकाना रिकामा. वहीत बघितलं तर त्या दिवशी त्यांचं दूध फाटलं होतं, परत पाठवलं. म्हणजे ती रिकामीच बरोबर होती. माझ्या कॅल्क्युलेटरच्या कागदावर मात्र मी त्यांना आदल्या दिवशीचं दूध लावलं होतं, म्हणून तिथे फरक दिसत होता. चूक प्रोग्रामची नव्हती, माझी होती.

दुसरी खाते ९, मजकूर ४.५ लि. ती मीच भरलेली.

तिसरीने मात्र मला अर्धा तास बसवलं. पुतणीने भरलेल्या सातांतलीच. रेप्रमध्येही सरळ दहा दिसतंय. ऑर्ड लावलं तर पहिलं अक्षर २४०७, बरोबर, तो एक. दुसरं आलं २४१६. तुम्ही म्हणालात आकडे २४१५ ला संपतात. हा शून्य नाही तर काय आहे?

---

तपासनीस

ते लाघवचिन्ह आहे. डॉ॰, पं॰ असं संक्षेपात लिहिताना पुढे जे छोटं गोल देतात ना, ते. युनिकोडमध्ये ते देवनागरी नऊच्या लगेच पुढे बसवलंय. शून्य लिहिताना बोट घसरून ते पडलं असावं. पायथनला ते विरामचिन्हच वाटतं, त्यामुळे फ्लोटने अडवलं ते योग्यच केलं.

त्याचा शून्य करून टाकायची ओळ प्रोग्राममध्ये घालू नका. वही उघडा, वहीत दहा असेल तर फाईलमध्ये दहा करा. अडलेली यादी याच कामासाठी आहे.

---

बटणवाला

मी जावास्क्रिप्टमध्ये काम करतो. पुढे कधी पुतणीसाठी मोबाईलवरच नोंदीचं पान बनवावंसं वाटलं तर हे आधी वाचून ठेवा, कारण तिथे यातलं जवळपास सगळं उलटं आहे.

जावास्क्रिप्टच्या नंबर() ला देवनागरी आकडे कळत नाहीत. मराठीतला ३.२ दिला की नॅन मिळतो. मग तुम्ही टाईपऑफ (तिथली प्रकार विचारायची आज्ञा) लावून तपासायला जाल, तर नॅनचा टाईपऑफ नंबर असाच येतो. म्हणजे तपासणी पास आणि आकडा मात्र नाहीच. तिथे नंबर.इझनॅन वेगळं लावावं लागतं. रिकामी स्ट्रिंग नंबर() ला दिली तर नॅनही येत नाही, सरळ ० येतो. तुमच्या खाते २२ चं फाटलेलं दूध तिथे शून्य लिटर दूध आणलं असं नोंदवलं गेलं असतं. बिलाला फरक पडत नाही, पण महिनाभराची सरासरी काढली की पडतो. शिवाय ५ ही स्ट्रिंग असेल तर तिच्यात ३ मिळवल्यावर ५३, आणि तिच्यातून ३ वजा केल्यावर २. अधिक चिन्ह चिकटवतं, वजा चिन्ह आकडा करून घेतं.

पानावरच्या रकान्यातून वाचलेलं व्हॅल्यू तर कायम स्ट्रिंगच असतं, रकान्याचा प्रकार नंबर ठेवला तरीही. त्यामुळे तुमच्यासारखाच ४.५३.८ तिथेही येतो.

आणि नल, म्हणजे तुमचा नन, याचा टाईपऑफ विचारला तर उत्तर येतं ऑब्जेक्ट. ती १९९५ पासूनची चूक आहे. भाषेच्या पहिल्या आवृत्तीत प्रत्येक मूल्याच्या शेवटच्या काही बिट्समध्ये त्याचा प्रकार लिहिलेला असायचा. ऑब्जेक्टची खूण होती शून्य, आणि नल म्हणजे सगळेच बिट शून्य, म्हणून तोही ऑब्जेक्ट ठरला. आता ती चूक दुरुस्त केली तर तिच्यावर अवलंबून असलेली अगणित पानं मोडतील, म्हणून तशीच ठेवलीय. नल तपासायचा असेल तर टाईपऑफच्या वाटेला न जाता तीन बरोबर चिन्हांनी थेट नलशी तुलना करा, आणि यादी आहे का हे ॲरे.इझॲरे ने विचारा, कारण यादीचाही टाईपऑफ ऑब्जेक्टच येतो.

---

अर्धविराम

दूधवही, ओळ सोडून द्या असं मी लिहिलं होतं. तसं लिहायला नको होतं. माझ्या कामात लाखो ओळींपैकी चार गेल्या तर कुणी विचारत नाही, त्या सवयीने लिहून गेलो. रेग्युलर एक्स्प्रेशन लागलंच तर बॅकस्लॅश-डी (कुठलाही अंक) वापरा. पायथन ३ मध्ये साध्या स्ट्रिंगवर ते देवनागरी आकडेही ओळखतं. पण तपासनीस म्हणतात तेच बरं, फ्लोटलाच विचारा. इझडिजिट (मजकुरात फक्त अंक आहेत का असं विचारणारी आज्ञा) वर मात्र विसंबू नका. ४.५ ला टिंबामुळे ते नाही म्हणतं, आणि वर्गाच्या चिन्हातल्या छोट्या दोनला हो म्हणतं, जो इंटला घेताच येत नाही.

आता पैशाचं सांगतो. लिटर गुणिले दर फ्लोटमध्ये कराल तर कुठेतरी एखादा पैसा सरकेल. पायथनमध्ये ०.१ अधिक ०.२ करून बघा, ०.३०००००००००००००००४ येतं. बिलासाठी डेसिमल (दशांश आकडे नेमके धरणारा प्रकार) वापरा, आणि ते स्ट्रिंगमधूनच बनवा, फ्लोटमधून नको, नाहीतर फ्लोटमधली चूक तशीच आत येईल. देवनागरी आकडे डेसिमललाही चालतात. आणि एक फायदा असा, की डेसिमलला चुकून फ्लोटने गुणलं तर पायथन टाईपएरर देऊन थांबतं. तुमच्यासाठी तेच हवंय.

---

दूधवही

आज २१. बिलं वाटून आत्ताच घरी आले.

लाघवचिन्हाची ओळ वहीत १०.० होती, दुरुस्त केली. ४.५ लि चं ४.५ केलं. खाते २२ ची ती रिकामी ओळ फाईलमधून काढली आणि त्यांच्या पावतीवर दूध परत असं लिहिलं. त्यानंतर अडलेली यादी रिकामी झाली आणि मगच छापलं. ६४ च्या ६४ बिलं वहीशी ताडली. डेसिमल अजून लावलेलं नाही, ते १ तारखेच्या आधी करणार, अडले तर वेगळा प्रश्न टाकेन.

एक गोष्ट मी आपल्या मनाने वाढवली. प्रत्येक पावतीच्या तळाशी आता दोन आकडे येतात: वहीतल्या पाळ्या आणि बिलात धरलेल्या पाळ्या. वहीतला आकडा मी हाताने मोजून भरते, दुसरा प्रोग्राम मोजतो. दोन्ही सारखे नसतील तर पावती छापलीच जात नाही. आजींना वाचून दाखवलं, वीस पाळ्या, वीस धरल्या. त्यांनी बोटांच्या पेरांवर दहा दिवस मोजले, एका दिवसाच्या दोन असं म्हणत, आणि मान हलवली.

पुतणीने विचारलं, मी आता इंग्रजी आकडे भरू का. मी म्हटलं, तुला येतात तसे भर.